माणूस पाठवता, तर त्याच्या घरच्यांचा अर्जही सोबतच भरा

विदर्भातल्या पोरापोरींना जर्मनीत कामाला पाठवणाऱ्या सगळ्यांना, म्हणजे शासनाच्या संबंधित विभागांना, भाषावर्ग चालवणाऱ्यांना, भरती एजन्स्यांना आणि तिकडच्या रुग्णालयांच्या वतीनं इथं मुलाखती घेणाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. दारव्हा तालुक्यात आमचं वावर आहे, बहुतेक कोरडवाहू, एका तुकड्याला विहिरीचं पाणी. पत्नी नर्स आहे. सेवाग्रामला तिनं नर्सिंग केलं, लग्नानंतर इकडच्याच दवाखान्यांत नोकरी केली, मग जर्मन शिकून बी-२ची, म्हणजे त्या भाषेच्या वरच्या मध्यम पातळीची, परीक्षा पास झाली आणि तिकडच्या एका रुग्णालयात रुजू झाली. आता तिला तिथली पूर्ण नर्स म्हणून मान्यताही मिळाली आहे. मी आणि आमची सहा वर्षांची मुलगी इथंच आहोत. तिच्याकडं जायच्या व्हिसासाठीचे आमचे दोघांचे अर्ज अडकलेले आहेत.

माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. ज्या दिवशी कामाला जाणाऱ्या माणसाची फाइल उघडता, त्याच दिवशी तिच्या नवऱ्याची किंवा त्याच्या बायकोची आणि लेकरांचीही उघडा. हे मी उपकार म्हणून मागत नाही. जर्मनीच्या कायद्यातच तशी सोय आहे, आणि ती तुमच्यातल्या बहुतेकांनी आम्हाला कधी सांगितलीच नाही.

तिकडच्या निवास कायद्यात ८१-अ नावाचं कलम आहे. १ मार्च २०२० पासून ते लागू आहे. कामावर ठेवणारी संस्था कामगाराच्या अधिकारपत्रावर तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाशी करार करते, ४११ युरो फी भरते आणि प्रक्रिया जलद होते. त्या कार्यालयाची पूर्वसंमती आली की दूतावासानं तीन आठवड्यांत भेटीची वेळ द्यायची, आणि अर्ज पूर्ण असला तर साधारण पुढच्या तीन आठवड्यांत निर्णय करायचा. इथवर एजन्स्यांना सगळं पाठ असतं. पण त्याच कलमात पुढं लिहिलं आहे की जोडीदाराचे आणि अल्पवयीन अविवाहित मुलांचे अर्ज त्याच सुमारास आले, तर तेही याच जलद प्रक्रियेत धरायचे. 'त्याच सुमारास' म्हणजे व्यवहारात सहा महिन्यांच्या आत, असं मानतात.

माझ्या पत्नीची फाइल याच मार्गानं गेली. तेव्हा एजन्सीच्या माणसानं आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "पहिले सहा महिने मॅडमला तिकडे रुळू द्या, घर पाहू द्या, मग तुमचं बघू." आम्ही ऐकलं. ज्या सहा महिन्यांत आमचे अर्ज तिच्या अर्जासोबत निघाले असते, नेमके तेच सहा महिने आम्हाला थांबवून ठेवलं गेलं. नंतरचा आमचा अर्ज साध्या रांगेत गेला. त्या माणसाच्या मनात काही वाईट होतं असं मला वाटत नाही. त्याला नर्स पोहोचवल्याचे पैसे मिळतात, नर्सच्या नवऱ्याला पोहोचवल्याचे मिळत नाहीत. ते कलम त्यानं शेवटपर्यंत वाचलंच नसावं.

साधी रांग कशी चालते, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अर्ज इथं भारतात द्यायचा, मोठ्या माणसाचे ७५ युरो, लेकराचे साडेसदतीस. मग ती फाइल जर्मनीतल्या ज्या शहरात जोडीदार राहतो, तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे संमतीसाठी जाते. अशी कार्यालयं त्या देशात पाचशेहून जास्त आहेत आणि प्रत्येकाची माणसं वेगळी, वेग वेगळा. एका शहरात दोन महिन्यांत जे होतं ते दुसऱ्या शहरात वर्षभर होत नाही. संमती आल्याशिवाय इकडचा अधिकारी काही करू शकत नाही. इकडं विचारलं तर सांगतात, फाइल तिकडं आहे. तिकडं विचारलं तर सांगतात, प्रक्रिया चालू आहे, वारंवार विचारू नये. दोघंही खरंच बोलतात, पण त्यातून आम्हाला तारीख मिळत नाही.

तारीख नसण्याचं नुकसान काय असतं, हे कास्तकाराला विचारा. आमच्याकडं वर्षाचे व्यवहार पाडव्याला ठरतात. सालगडी ठेवायचा तर तेव्हा, वावर मक्त्यानं द्यायचं तर तेव्हाच. मक्त्यानं दिलं आणि व्हिसा आला नाही, तर वर्षभर मी स्वतःच्याच धुऱ्यावर रिकाम्या हातानं उभा. स्वतः पेरलं आणि ऑगस्टमध्ये व्हिसा आला, तर पऱ्हाटी पात्या-फुलांवर असताना टाकून जायची. व्हिसा काही महिन्यांपुरताच असतो. त्या मुदतीत तिकडं पोहोचून पुढचा निवास परवाना काढावा लागतो, म्हणून "कापूस वेचून येतो" असं कोणाला सांगता येत नाही. मागच्या पाडव्याला मी पेरायचं ठरवलं. कपाशीत तुरीची तासं घातली, नेहमीसारखी. पण विहिरीवरची मोटार बदलायला झाली होती, ती बदलली नाही. ठिबकसाठी अर्ज केला नाही. बैल म्हातारे झाले आहेत, नवी जोडी घेतली नाही. ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरून नव्यानं उचलायचं असतं, तेव्हा बँकेतले साहेब सहज विचारतात, "पुढच्या हंगामात तुम्ही इथंच ना?" या साध्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नसतं. माणूस गावात असूनही त्याची शेती अशी हळूहळू सुटत जाते. गावाला ते आळस वाटतं.

तिकडं तिचंही तेच चाललं आहे. आम्ही तिघं राहू शकू एवढं घर तिनं भाड्यानं घेतलं आहे आणि त्याचं भाडं ती एकटी भरते. घर पुरेसं मोठं असल्याचा कागदही आमच्याकडं मागितला गेला. खरं तर १ मार्च २०२४ पासून तिथल्या कायद्यानं मान्यताप्राप्त कुशल कामगारांच्या जोडीदारासाठी आणि मुलांसाठी ही अटच काढून टाकली आहे. तिनं कलमाचा आकडा लिहून तसं कळवलं, तेव्हा कागदाचा आग्रह सुटला, पण मधले आठवडे गेले ते गेलेच. रुग्णांची सेवा करून थकलेल्या बाईनं रात्री बसून परक्या भाषेतला कायदा वाचावा आणि त्यांच्याच कार्यालयाला दाखवावा, असं व्हायला नको होतं.

आमचं बोलणं वीज मंडळाच्या वेळापत्रकावर चालतं. शेतीपंपाची थ्री-फेज लाईन कधी दिवसा असते, कधी रात्री. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. तिची दुपारपाळी रात्री नऊच्या पुढं सुटते, तेव्हा इथं दीड वाजून गेलेला असतो. हरभऱ्याला ओलीत करताना मी जागाच असतो, म्हणून रात्रीच्या लाईनचे दिवस आमच्या निवांत बोलण्याचे. लाईन दिवसाची झाली की मी रात्री झोपून जातो, ती थकून घरी येते आणि बोलणं राहतं. मुलीचं आईशी बोलणं सकाळी, शाळेत निघायच्या आधी. तिकडं तेव्हा पहाटेचे पाच, सकाळपाळीची तयारी. वेणी घालता घालता मी फोन धरतो. वेणी घालणं मी तिच्याकडूनच फोनवर शिकलो.

मुलगी यंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत गेली. जर्मनीत याच वयाला शाळा सक्तीची होते. सोळा वर्षांखालच्या मुलांना व्हिसासाठी भाषेची परीक्षा नाही हे खरं, पण प्रत्येक वर्ष गेलं की नव्या भाषेत नव्यानं सुरुवात करणं लेकराला जड जाणार. इथं तिला जोडाक्षरं शिकवायची की तिकडची गाणी पाठ करून घ्यायची, हा प्रश्न मला रोज पडतो. मी दोन्ही करतो. ती "आपण कधी जायचं?" म्हणून विचारते, तेव्हा आता आम्ही तिला कुठल्या सणाचं नाव सांगत नाही. अर्ज दिला आहे, उत्तर आलं की निघू, एवढंच सांगतो.

गावाचंही लिहायला हवं. "काऊन गा, अजून बलावलं नाही का बाईनं?" असं लोक विचारतात. त्यात काळजी असते, थोडी शंकाही असते. नवरा दुबईला आणि बायको घरी, हे गावाला समजतं. बायको परदेशात आणि नवरा लेकराला घेऊन गावात, हे समजायला लोकांना वेळ लागतो. माझ्या आईला एका लग्नाच्या पंगतीत ऐकावं लागलं की तुमची सून आता काही वापस येत नाही म्हणे. आई जेवण अर्धं टाकून उठली. कार्यालयातला उशीर गावाला दिसत नाही. गावाला फक्त वेगळे राहणारे नवरा-बायको दिसतात आणि मग लोक बाईच्या वागण्यावर येतात. परक्या देशातल्या आजाऱ्यांची सेवा करायला गेलेल्या, घरी पैसे पाठवणाऱ्या, पहाटे पाचला उठून लेकराशी बोलणाऱ्या बाईबद्दल हे ऐकताना माझ्या जिवाची जी तगमग होते, ती तुमच्या कुठल्याच अहवालात येणार नाही. ती तुम्हाला ठाऊक असावी म्हणून इथं लिहिली.

आता कागदांचं, कारण इथं आपल्या शासनाच्या हातात खरंच पुष्कळ आहे. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या, म्हणजे दाखला खरा असल्याचा परदेशातही चालणाऱ्या शिक्क्याच्या, आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण जर्मनीनं भारताच्या बाबतीत हरकत घेतली. त्यामुळं आपल्या दाखल्यांवरचा तो शिक्का तिकडं पुरत नाही. शंका आली की त्यांनी नेमलेला माणूस गावात येऊन मूळ नोंदी तपासू शकतो. आमच्याकडं आला. ग्रामसेवकांकडं तीन गावं, त्या दिवशी ते दुसऱ्या गावात, आणि दप्तराच्या कपाटाची चावी त्यांच्यासोबत. तपासणारा परत गेला. पुन्हा येईपर्यंत सोयाबीन निघून गेलं होतं. दुसऱ्यांदा आला तेव्हा नोंदवही पाहिली आणि शेजारच्या काकूंनाही विचारलं, यांचं लग्न कुठं झालं, मांडव कुठं होता, जेवायला काय होतं. काकूंनी सगळं बरोबर सांगितलं, वांग्याच्या भाजीसकट. पण विचार करा, एका कपाटाच्या चावीपायी एक कुटुंब किती लांबलं.

आणि विवाहनोंदणी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं लग्नाची नोंद नव्वद दिवसांत करायची असते, खेड्यात ग्रामसेवकच विवाह निबंधक असतात. पण खेड्यात लग्न मांडवात लागतं आणि नोंद पासपोर्ट काढायच्या वेळी होते. मग दाखल्यावर लग्नाची तारीख एक आणि नोंदणीची तारीख काही वर्षांनंतरची. आपल्याला त्यात वावगं दिसत नाही. परक्या अधिकाऱ्याला मात्र वाटतं, व्हिसासाठी लग्न दाखवलं की काय. नर्सिंगच्या नोंदणीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव, असे फरक तर घरोघरी आहेत. हे सगळं भाषावर्ग सुरू होतानाच तपासून दुरुस्त करता येतं. बी-२ व्हायला महिनोन् महिने लागतात. तेवढ्या काळात सगळे दाखले एका नावावर आणता येतात. हे पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवं.

उशीर फार झाला तर उपाय काय, असं मी एका जाणकाराला विचारलं. तिकडच्या कायद्यानुसार पुरेशा कारणाशिवाय तीन महिन्यांत निर्णय झाला नाही, तर निष्क्रियतेचा, म्हणजे कार्यालयानं निर्णयच केला नाही म्हणून, दावा करता येतो. व्हिसाच्या बाबतीत तो बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात. हक्क मोठा आहे, पण वकिलाचा खर्च आमच्या एका हंगामाच्या कापसाएवढा होईल, आणि ज्यांच्याकडून संमती हवी त्यांच्याच कामावर दावा लावायची भीतीही वाटते. दुसरी गोष्ट, पूर्वी अर्ज नाकारला तर त्याच कार्यालयाकडं फेरविचाराची विनंती करता यायची. १ जुलै २०२५ पासून जर्मनीनं ही सोय जगभर बंद केली आहे. आता नकार आला तर नवा अर्ज किंवा थेट न्यायालय. म्हणजे पहिला अर्ज बिनचूक असणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे, आणि तो बिनचूक करून द्यायला आमच्या जिल्ह्यात कोणी नाही.

तुम्ही म्हणाल, ही सरकार-सरकारांमधली गोष्ट, आम्ही काय करणार. पण करार तर तुम्हीच करता. ५ डिसेंबर २०२२ ला भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराचा करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात सुरुवातीला दहा हजार जण पाठवायचं बोललं गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांचे वर्षाचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं. या बातम्या आम्ही आनंदानं वाचल्या, आमच्या भागात या निमित्तानं जर्मनचे वर्ग भरू लागले. पण या आकड्यांत माणूस सुटा मोजलेला आहे. नव्वद हजार माणसं जातील तर त्यांच्यामागं नवरे, बायका, लेकरं किती, त्यांचे अर्ज कोणत्या कार्यालयात कोण पाहणार, याचा शब्द त्या बातम्यांत मला सापडला नाही.

केरळनं अनिवासी केरळीयांसाठी १९९६ मध्येच वेगळा विभाग काढला आणि नोर्का रूट्स ही त्यांची संस्था आज जर्मनीला नर्स पाठवण्याचं काम तिथल्या रोजगार यंत्रणेसोबत करते. तिथल्या माणसाला विचारायला सरकारी दार आहे. आमच्यासाठी असं दार जिल्ह्याच्या ठिकाणी हवं. यवतमाळहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि दोन दिवसांची मजुरी. जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात एक माणूस बसवा, ज्याला ८१-अ ठाऊक आहे, दाखल्यांची यादी ठाऊक आहे आणि अर्ज प्रलंबित असल्याचं मराठीत लिहून सहीशिक्क्यानं द्यायचा अधिकार आहे. तेवढा एक कागद बँकेत चालेल, शाळेत चालेल आणि माझी आई तो पंगतीतही दाखवू शकेल. ग्रामपंचायतीत तपासणीसाठी कोणी येणार असेल तर ग्रामसेवकांना आधी कळवायची आणि त्या दिवशी दप्तर उघडं ठेवायची व्यवस्था जिल्हा परिषद एका परिपत्रकानं करू शकते. एजन्स्यांनी रुग्णालयाशी करार करतानाच त्यात लिहून घ्यावं की जोडीदार आणि मुलं यांचे अर्ज जलद प्रक्रियेत सोबत जातील. माणूस एकटा गेला तर तो दोन वर्षांत परत यायचं मनात आणतो, हे तिकडच्या रुग्णालयांनाही समजावून सांगा. त्यांचाच फायदा आहे. कुटुंब सोबत गेलं की जोडीदारही काम करू शकतो, कारण तिथला कुटुंब परवाना नोकरीचा अधिकार देतो. मी पुण्याला जाऊन ए-१, म्हणजे जर्मनची पहिल्या पायरीची परीक्षा, देऊन आलो आहे. शेतमजुरीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं येतं. त्या देशाला हातांची गरज आहे आणि माझे हात इथं अर्धे रिकामे आहेत.

माझ्यासारखे वाट पाहणारे जे कोणी हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एवढंच. दूतावासाला आणि तिकडच्या कार्यालयाला लिहिलेलं प्रत्येक पत्र तारखेसह एका वहीत नोंदवून ठेवा. तिकडच्या कार्यालयाला जोडीदारानंच, तिथल्या भाषेत, अर्जाचा क्रमांक घालून लिहावं. इकडून आपण मराठी-इंग्रजीत लिहिलेलं पुढं सरकत नाही. नोकरी सोडू नका, वावर विकू नका, जनावरं मोडू नका, व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंत. मूल लहान असेल तर बोलायची वेळ ठरवा आणि ती पाळा, पाच मिनिटं का होईना. आणि रागाच्या भरात एकमेकांना "तूच नीट विचारत नाहीस" असं म्हणू नका. उशीर तिच्यामुळंही नाही आणि तुमच्यामुळंही नाही.

पाठवणाऱ्यांनो, आमचे अर्ज आज ना उद्या निघतील. पण या घडीला दारव्ह्यात, पुसदमध्ये, वर्ध्यात, वाशिमला कितीतरी मुली बी-२ची तयारी करताहेत, त्यातल्या अनेकींची लग्नं झाली आहेत. त्यांच्या मुलाखतीला नवऱ्याला दाराबाहेर बाकावर बसवू नका, आत बोलवा. ८१-अ त्याला तिथंच समजावून सांगा, दोघांच्या दाखल्यांची यादी दोघांच्या हातात द्या. समजावून सांगायला माणूस कमी पडत असेल तर मला कळवा, मी माझी फाइल घेऊन येतो.

आपला,
एक कास्तकार
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ